जुने हाड, नवी नळी

दिवाळीच्या पहाटे अंगणातून बाण सुटतो आणि मागे जो कडवट, गंधकी वास रेंगाळतो, तो आपल्याला सणाचा वास वाटतो. खरे म्हणजे तो बंदुकीच्या दारूचा वास आहे. सोरा, कोळसा आणि गंधक! शंभर भागांत साधारण ७५, १५ आणि १० असे त्यांचे प्रमाण. ज्या रायफलीची कथा आज सांगावयाची आहे, ती १८८६ साली जन्मली तेव्हा तिच्या काडतुसाच्या पोटात हीच काळी दारू होती. पुढे दारू बदलली, गोळी बदलली, नळी बदलली, रायफलीचे नावसुद्धा बदलले. बदलले नाही ते एक पोलादी हाड. आणि जवळजवळ सत्तर वर्षांनी, उत्तर ध्रुवाकडच्या एका थंड मुलुखात, त्या हाडावर काही माणसांनी आपला जीव तोलून धरला.

जुनी वस्तू टाकून न देण्याची रीत आपल्या घरांना परकी नाही. घागरीला नवे बूड लावतात, विळ्याला नवी मूठ बसवतात, जात्याला टाकी लावून घेतात. पण ही झाली दुरुस्ती. दुरुस्ती निराळी आणि वाढ निराळी. पावशेराच्या मापात शेर मावत नाही. लहान बोअरची रायफल मोठ्या बोअरची करणे हे वाढीच्या जातीचे काम आहे, आणि म्हणून ते अवघड आहे.

बोअर म्हणजे काय, तेवढे आधी उलगडून घेऊ. नळीच्या आतल्या पोकळीची रुंदी म्हणजे बोअर. एका इंचाचे शंभर भाग केले, तर त्यांतले पंचेचाळीस भाग रुंदीची ती .४५ बोअरची रायफल. आपल्याकडे शेताच्या राखणीला असलेल्या बाराबोअर बंदुकीचा हिशेब मात्र उलटा असतो. तिच्या नळीत बसतील अशा शिशाच्या बारा गोल गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. तिथे आकडा वाढला की नळी लहान होते. रायफलीत मात्र आकडा मोठा तितकी नळी रुंद, आणि नळी रुंद तितकी गोळी जड.

आता तरफेकडे वळू. वर्गात तरफ शिकवताना मी मुलांपुढे पहार आणि अडकित्ता ठेवतो. एका बाजूला थोडे बळ लावावे आणि दुसऱ्या बाजूला मोठे काम करून घ्यावे, ही तिची करामत. अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी ऑलिव्हर विंचेस्टर नावाचे एक गृहस्थ होते. मूळचा धंदा सदऱ्यांच्या कारखान्याचा. त्यांनी बंदुकीच्या एका कारखान्यात पैसा घातला. तिथल्या बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने १८६० साली अशी रायफल सिद्ध केली, की चापाभोवतीचे कडेच मागे लांबवून त्याची तरफ केलेली. मुठीने ती खाली-पुढे ढकलावी की जळके पितळी कवच बाहेर फेकले जाई आणि घोडा मागे चढे. तरफ परत वर ओढली की नवे काडतूस कोठीत बसे. नळीच्या खाली दुसरी एक नळी, ती काडतुसांचे कोठार. ज्या काळी शिपाई दर बाराला नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासत, त्या काळी ही रायफल एकामागून एक पंधरा-सोळा बार काढी. १८६६ साली विंचेस्टर कंपनी उभी राहिली आणि १८७३ चा नमुना तर घरोघर पोचला.

पण या सुंदर यंत्रात एक दुबळी जागा होती. बार उडतो तेव्हा गोळी जितक्या जोराने पुढे जाते, तितक्याच जोराने काडतुसाचे बूड मागे रेटा देते. तो रेटा अडवणारी जी पोलादी खीळ, तिच्या पाठीशी या रायफलीत दोन सांधलेल्या कड्या होत्या. माणसाच्या गुडघ्यासारख्या. गुडघा ताठ असेतो पाय भार घेतो, पण भार फार झाला की पहिल्यांदा गुडघाच दगा देतो. म्हणून १८७३ च्या रायफलीला .४४ बोअरची, अवघ्या ४० ग्रेन दारूची माफक काडतुसेच खपत. कंपनीने १८७६ साली तेच यंत्र थोरले करून पाहिले. पण अमेरिकन लष्कराचे .४५ बोअरचे, ७० ग्रेन दारूचे लांब काडतूस काही त्यात मावले नाही. शिकाऱ्यांना नेमके तेच काडतूस हवे होते.

हा पेच सोडवणारा माणूस दूर युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावी बसला होता. त्याचे नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. बाप बंदुका घडवणारा, भाऊ हाताखाली कामाला, दुकान लहानसे. त्याने एकेरी बाराची एक रायफल काढून १८७९ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. १८८३ साली ती रायफल पाहून विंचेस्टरचे जावई टी. जी. बेनेट आगगाडीने ऑग्डेनला आले आणि ८००० डॉलर मोजून तिचे हक्क घेऊन गेले. पाठोपाठ ब्राउनिंगने त्यांना तरफेची नवी रायफल दिली. तीच १८८६ ची विंचेस्टर.

ब्राउनिंगने गुडघ्याचा नादच सोडला. आपल्या जुन्या वाड्यांच्या दाराला आतून अडसर असतो. दार कितीही ढकला, भार कडीवर येत नाही, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जातो. ब्राउनिंगने खिळीच्या डाव्या-उजव्या अंगांना खाचा पाडल्या, तशाच रायफलीच्या चौकटीला पाडल्या, आणि तरफ बंद होताना दोन उभे पोलादी अडसर खालून वर सरकून त्या खाचांत बसतील अशी योजना केली. आता बाराचा रेटा थेट चौकटीच्या भिंतींवर. लष्करी काडतूस तर तिने सहज पचवलेच, पण १८८७ पासून .५० बोअरचे, ११० ग्रेन दारूचे जाडजूड काडतूसही ती झाडू लागली. १९३५ पर्यंत या नमुन्याच्या सुमारे १,६०,००० रायफली झाल्या.

मध्यंतरी जग बदलले. बिनधुराची दारू आली. ती थोड्या मापात अधिक जोर देई, म्हणून गोळी बारीक आणि वेगवान करण्याची हवा सुरू झाली. जाड बोअर म्हणजे आजोबांचा जमाना! विंचेस्टरनेही १९३५-३६ च्या सुमारास १८८६ च्या चौकटीत किरकोळ सुधारणा करून, नव्या पोलादाची '७१ नंबर' रायफल बाजारात आणली. तिच्या काडतुसाचा बोअर .३४८. मौज अशी की हे नवे काडतूस जुन्याच्याच पोटातून निघाले होते. ११० ग्रेनवाल्या त्या .५० बोअर काडतुसाचे रुंद पितळी पोट तसेच ठेवून त्याची मान तेवढी बाटलीसारखी आवळली होती. पोट आजोबांचे, गळा नातवाचा. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी कथा त्या आवळलेल्या गळ्याची आहे.

बंदूक बदलण्याची विद्या तेव्हाही नवी नव्हती. १८५७ साली ज्या एन्फील्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी हिंदुस्थान पेटला, त्याच ठासणीच्या एन्फील्डी १८६६ पासून मागचे तोंड कापून, तिथे बिजागरीचे झाकण बसवून 'स्नायडर' म्हणून पुन्हा कामाला लावल्या गेल्या. त्यांचा बोअर होता तेवढाच राहिला. अमेरिकेच्या सरकारने १८६६ मध्ये आपल्या जुन्या .५८ बोअरच्या नळ्यांत आतून अस्तरासारखी दुसरी नळी घालून त्या .५० च्या केल्या. म्हणजे बोअर घटवला. घटवणे त्या मानाने सोपे, कारण बाहेरून भर घालता येते. वाढवावयाचे तर जे काढून टाकावयाचे आणि ज्यावर जास्त ओझे टाकावयाचे, ते पोलाद आधीपासून तिथे शिल्लक असावे लागते. नसलेली शिल्लक कोणताही कारागीर निर्माण करू शकत नाही.

आता अलास्का. १८६७ साली अमेरिकेने हा अफाट मुलूख रशियाकडून ७२ लाख डॉलरना विकत घेतला. तो राज्य म्हणून संघात आला १९५९ मध्ये. त्याच्या दक्षिणेला केनाय नावाचे द्वीपकल्प आहे. नद्यांत सामन मासे, काठाला दाट झुडपे, आणि त्या झुडपांत तपकिरी अस्वल. आपल्या सातपुड्यातले अस्वलही भयंकरच, पण किनाऱ्याकडच्या तपकिरी अस्वलाचा थोराड नर पाच-सहाशे किलो भरतो. तो धावला तर ताशी ५० किलोमीटरांहून अधिक वेगाने येतो. वळणावर तो वीस पावलांवर उभा राहिला, तर माणसाच्या हाती दोन सेकंदही उरत नाहीत. तिथे दूरच्या नेमाची शेखी कामाची नाही. हवी ती चटकन चालणारी, खांद्याला सुटसुटीत, आणि जड गोळी खोल घुसवणारी रायफल.

१९५० च्या सुमारास अशी तरफेची रायफल कोणत्याही कारखान्यात होत नव्हती. जड गोळीच्या बोल्टच्या रायफली होत्या. पण ज्यांचा हात आयुष्यभर तरफेवर बसला होता त्यांना दुसरा बार तरफेनेच लवकर काढता येई. केनायवरील कूपर लँडिंग या चिमुकल्या वस्तीत हॅरॉल्ड जॉन्सन नावाचा बंदूक-कारागीर राहत असे. .३४८ ची रायफल त्याच्यासमोर होती. तिची चौकट पहिलवानाची आणि गोळी मात्र जेमतेम तोळाभर. त्याने तो आवळलेला गळा पुन्हा मोकळा करावयाचे ठरवले.

काम कसे होते ते थोडक्यात पाहू. चौकटीतली जुनी नळी आट्यांवरून फिरवून काढतात. मग एक तर तीच आतून कोरून तिच्यात नवे चर पाडतात, नाहीतर .४५ बोअरची नवी नळी बसवतात. काडतूस बसण्याची कोठी नव्या आकाराने कोरावी लागते, आणि खीळ व काडतुसाचे बूड यांच्यातली फट केसागणिक मोजावी लागते. ती जास्त राहिली तर पितळ फाटते. इकडे काडतुसाच्या मानेला ऊब देऊन पितळ मऊ करतात आणि ती निमुळत्या गजावर हळूहळू रुंदावतात. एवढे झाले तरी काम संपत नाही. नवे लठ्ठ काडतूस खालच्या कोठारातून वर उचलले जाऊन न अडता कोठीत सरकले पाहिजे. त्यासाठी वाटेतल्या कडा कानशीने बोटाबोटाने घासावयाच्या, काडतूस घालून बघावयाचे, पुन्हा घासावयाचे. अस्वलापुढे काडतूस अडकले तर बोअर कितीही थोर असून उपयोग काय?

आणखी एक बंधन मुळातच होते. खालच्या कोठारात काडतुसे एकामागे एक झोपलेली असतात. मागच्याच्या गोळीचे नाक पुढच्याच्या बुडाला, म्हणजे नेमके जिथे टोपी असते तिथे टेकते. गोळी टोकदार असेल तर हादऱ्याने कोठारातच बार व्हावयाचा. म्हणून तिचे नाक चपटे किंवा बोथट ठेवावे लागते. वेगाने दूर जाण्याला हे नाक मारक, पण झुडपातल्या जवळच्या प्रसंगाला त्याने काही बिघडत नाही.

अशा रीतीने .४५० अलास्कन हे काडतूस तयार झाले. .३४८ ची गोळी साधारण २०० ग्रेनची, नवीची ४०० ग्रेनची. आपल्या मापाने १८० ग्रेनचा एक तोळा. म्हणजे सव्वा तोळ्याला कमी असलेली गोळी सव्वादोन तोळ्यांच्या घरात गेली. आणि एवढे करून चौकटीवर ओझे किती वाढले? इथे शाळेतले गणितच उपयोगी पडते. जोर म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. काडतुसाचे बूड जुनेच, त्याचे क्षेत्रफळ तेवढेच. आतला दाब पूर्वीइतकाच राखला तर अडसरांवरचा रेटा वाढत नाही. उलट गोळीचा बुंधा रुंद झाला. .३४८ आणि .४५८ यांच्या वर्गांचे गुणोत्तर मांडले तर तो जवळजवळ पावणेदोनपट भरतो. तोच दाब आता पावणेदोनपट जागेवर गोळीला ढकलतो. जड गोळीला लागणारे बळ इथून येते.

फुकट मात्र काही नसते. न्यूटनचा नियम खांद्यापाशी येऊन आपली वसुली करतो. गोळी जड झाली तसा धक्काही जड झाला. शिवाय तीच नळी कोरली तर तिच्या भिंती पातळ होतात, रायफल हलकी होते आणि धक्का अधिकच लागतो. चौकटीने जे पेलले त्याचे देणे माणसाच्या हाडांनी चुकते करावयाचे.

जॉन्सन तेवढ्यावर थांबला नाही. त्याच भागातल्या हॅरॉल्ड फुलर या साथीदारासह त्याने तेच काडतूस थेट .५० बोअरपर्यंत मोकळे केले. पण त्या बोअरची रायफलीजोगी नळी बाजारात मिळेना. तेव्हा त्यांची दृष्टी लष्कराच्या .५० बोअर मशीनगनच्या नळ्यांकडे गेली. त्या जाड नळ्या लेथवर चढवून बाहेरून उतरवल्या, आखूड केल्या आणि जुन्या १८८६ च्या चौकटींत बसवल्या. त्याच मशीनगनच्या गोळ्या कापून सुमारे ४५० ग्रेनच्या, म्हणजे बरोबर अडीच तोळ्यांच्या केल्या. ती मशीनगन मूळ कोणाची? जॉन ब्राउनिंगची! पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्याने तिची आखणी केली आणि १९२६ साली तो बेल्जममधल्या लीएज येथे वारला. तरुणपणी घडवलेली चौकट आणि उतारवयात घडवलेल्या तोफखानी यंत्राची नळी, अशी त्याची दोन अपत्ये त्याच्या मृत्यूनंतर पाव शतकाने अलास्कातल्या एका कारागिराच्या बाकावर एकत्र आली आणि एकमेकांना जुळली.

आणि ते काडतूस? १८८७ चे .५० बोअरचे पोट, १९३६ मध्ये आवळलेला गळा, आणि १९५० नंतर पुन्हा .५० बोअर. फिरून गंगावन आपल्याच वेणीत आले. मधल्या काळात जे शहाणपण जुनाट म्हणून बाजूस सारले होते, ते अस्वलाने परत मागवले.

म्हणून जुने तेवढे सारे सोने, असे मात्र कोणी समजू नये. १८८६ च्या पहिल्या रायफलींचे पोलाद काळ्या दारूच्या सौम्य दाबासाठी होते. नंतरचे पोलाद, आणि विशेषतः ७१ नंबरचे, अधिक कणखर. दोन्ही चौकटी दिसावयास बहिणी, पण एकीला जे झेपते ते दुसरीला झेपेलच असे नाही. गुडघ्याच्या कड्यांच्या १८७३ च्या रायफलीवर हा प्रयोग केला तर खीळ झाडणाऱ्याच्या तोंडावर यावयाची. जॉन्सनची थोरवी नळी बदलण्यात नाही. कोणत्या हाडावर किती भार टाकावा, हे ओळखण्यात आहे.

आपल्या देशात बोअर ठरवले ते मात्र अस्वलाने किंवा वाघाने नव्हे, सरकारच्या भीतीने. इंग्रजी फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल, तीही खालच्या तरफेनेच उघडणारी पण एकेरी बाराची, .४५० बोअरची होती. बंडखोरांच्या हाती अशा रायफली आहेत आणि शिकारीच्या सामानातून त्यांना गोळ्या मिळतील, या धास्तीने १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० बोअरच्या शिकारी काडतुसांना हिंदुस्थानात बंदी केली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय केले? बोअर किंचित वाढवला. .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसे निघाली आणि संस्थानिकांच्या शिकारखान्यांत दाखल झाली. वाघाला त्या फरकाची दाद ना फिर्याद! पुढेही तेच. .३०३ हा लष्करी बोअर, सामान्य नागरिकाला मना. म्हणून ईशापूरच्या सरकारी कारखान्याने त्याच ली-एन्फील्ड रायफलीची चौकट घेऊन नागरिकांसाठी ती .३१५ बोअरची केली. पुढे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून शस्त्रात फेरफार करणे हा गुन्हा ठरवला आणि १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपवले. ते संपले हे बरेच झाले. संस्थानिकांची हौस आणि केनायच्या वाटेवरच्या माणसाची गरज या एका तागडीत तोलावयाच्या वस्तू नव्हेत.

७१ नंबरची रायफल १९५८ च्या सुमारास बंद पडली. १९७२ मध्ये मार्लिन कंपनीने .४५ बोअरची तरफेची रायफल पुन्हा बाजारात आणली, तेव्हा अलास्कातल्या कारागिरांना जे वीस वर्षे आधी उमगले होते ते कारखानदारांना मान्य झाले असे म्हणावयाचे. १९८६ साली, बरोबर शंभर वर्षांनी, जपानमधल्या मिरोकू कारखान्याने ब्राउनिंग कंपनीसाठी मूळ नमुन्याबरहुकूम रायफली घडवल्या. नवे पोलाद, नवी यंत्रे, आणि खिळीच्या दोन अंगांना तेच दोन उभे अडसर.

या रायफलींवर दोन ठिकाणी अक्षरे असतात. नळीवर बोअर कोरलेला असतो आणि चौकटीच्या पोलादावर अनुक्रमांक. नळी बदलली की बोअर पुसला जातो, अनुक्रमांक राहतो. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानेही चौकटीलाच बंदूक मानले आहे. नळी हा नुसता सुटा भाग. १८८६ च्या त्या कारागिराने चौकटीत त्या दिवसाच्या गरजेहून थोडे अधिक बळ ठेवले होते. ती शिल्लक त्याच्या हयातीत कोणी मोजली नाही. ती मोजली गेली सत्तर वर्षांनी, केनायच्या झुडपांत, वीस पावलांवर.